तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी गाडी जर्मनीहून का आणली?

"ताई, इथे गल्लोगल्ली जुन्या गाड्या विकायला उभ्या आहेत. मग तुम्ही जर्मनीत जाऊन कशाला आणलीत? आणि आणलीत तीही स्वतः चालवत?" पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरात नव्याने आलेली मराठी मंडळी घर लागलं, मुलांच्या शाळेचं झालं, की हमखास हे विचारतात. त्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो: किती वाचले?

तर आधी त्याचंच सांगते. फारसे वाचले नाहीत. येण्याजाण्याचा खर्च, निर्यातीची नंबर प्लेट, विमा, पोलंडमध्ये गाडीवर लागणारा अबकारी कर, शपथेवरच्या भाषांतरकाराची फी, इथलं पासिंग म्हणजे गाडीची तांत्रिक तपासणी, हे सगळं धरलं तर फरक किरकोळ उरतो. नुसते पैसे वाचवायचे असतील तर हा उद्योग करू नका. मी गेले ते वेगळ्या कारणासाठी. जिने ती गाडी वर्षानुवर्षं चालवली, त्या व्यक्तीच्या दारात उभं राहून मला ती घ्यायची होती.

याचं महत्त्व इथला जुन्या गाड्यांचा बाजार पाहिल्यावर कळतं. पोलंडमध्ये पश्चिमेकडून, आणि सर्वांत जास्त जर्मनीतून, जुन्या गाड्या वर्षानुवर्षं येत आहेत. प्रत्येक गाडी म्हणे एका म्हाताऱ्या जर्मनाची, फक्त रविवारी चर्चला नेलेली. विकताना तो रडला. हे वाक्य इथे इतकं घासलं गेलंय की पोलिश लोक ते थट्टेनेच म्हणतात. पण त्या बाजारात एक प्रकार चालतो, तो थट्टेवारी नेण्यासारखा मुळीच नाही. पोलिश दलाल गाडी आणतो आणि आपल्यापुढे जो करार ठेवतो, त्यावर विकणारा म्हणून कुणा जर्मन माणसाचं नाव आणि सही आधीच असते. घेणाऱ्याची जागा तेवढी रिकामी. 'उमोवा ना न्येम्त्सा', जर्मनाच्या नावावरचा करार, म्हणतात त्याला. सही केली की कागदोपत्री तुम्ही स्वतः जर्मनीत जाऊन गाडी आणलेली असते. तुमच्यासमोर नोटा मोजून घेणारा दलाल त्या कागदावर कुठेच नसतो. उद्या इंजिन बसलं, मीटर मागे फिरवलेला निघाला, तर भांडायचं कोणाशी? ज्या जर्मन माणसाला तुम्ही कधी पाहिलंच नाही, त्याच्याशी? आणि न केलेल्या व्यवहारावर आपली सही असते, हे तर मला अजिबातच सहन होत नाही. असा कागद कुणी पुढे केला तर गाडी कितीही आवडलेली असो, उठून या. यावर माझं दुसरं मत नाही.

मीटर फिरवणं जर्मनीत २००५ पासून आणि पोलंडमध्ये २०१९ पासून फौजदारी गुन्हा आहे. पोलंडमध्ये त्याला तीन महिने ते पाच वर्षं कैद होऊ शकते. तरीही तपासायचं आपल्यालाच असतं. पोलंडमध्ये नोंदलेल्या गाडीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. प्रत्येक पासिंगच्या वेळचे किलोमीटरही त्यात असतात. जर्मनीत सर्वांना खुली अशी सोय नाही. तिथे भिस्त कागदांवर, आणि ते कागद जपून ठेवणाऱ्या माणसावर.

मला भेटले ते ड्रेस्डेनजवळच्या एका गावातले निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी. गाडी त्यांची, स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बी, १.६ पेट्रोल. डोळ्यांच्या त्रासामुळे बाईंनी गाडी चालवणं सोडलं होतं. माझं जर्मन कामचलाऊ, पण गाडीपुढे भाषा फारशी लागत नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी एक जाडजूड फाइल ठेवली. जर्मनीत खाजगी गाडीचं दर दोन वर्षांनी पासिंग होतं, सगळे त्याला 'ट्यूफ' म्हणतात. त्याच्या अहवालात त्या दिवशीचे किलोमीटर छापलेले असतात आणि बारीकसारीक दोषही. मी ते सगळे अहवाल तारखेप्रमाणे टेबलावर मांडले. सुरुवातीला दोन वर्षांत चाळीसेक हजार, पुढे तीसेक, आणि बाई निवृत्त झाल्यावर दहा हजारांच्याही आत. एका अहवालात मागच्या ब्रेकच्या नळीवर गंज असल्याची नोंद, आणि त्यामागेच ती नळी बदलल्याचं बिल. टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप एकत्र बदलल्याचंही बिल होतं. इतकी सुसंगत कहाणी खोटी रचायला किती कष्ट पडतील! मला हवी होती ती खात्री त्या टेबलावर मिळाली.

तरी गाडीखाली वाकून पाहिलंच. मी रत्नागिरीची. खाऱ्या वाऱ्याने पत्र्याचं काय होतं ते लहानपणापासून पाहत आलेय, आणि इथे तेच काम हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ करतं. म्हणून वरच्या रंगावर जाऊ नका. चाकांवरच्या कमानींच्या आतून हात फिरवा, दाराखालचा पट्टा बघा, जॅक लावायच्या जागा बोटाने दाबून बघा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, तेही वाचा. आणि पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवा. इंजिन थंड असलं पाहिजे. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन आपले बरेच आवाज लपवतं.

आता कागदांचं. जर्मनीत आरसीचे दोन भाग असतात: एक गाडीत ठेवायचा आणि दुसरा मालकीचा, घरी जपून ठेवायचा. दोन्ही मूळ प्रती हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. करार जर्मन आणि पोलिश अशा दोन्ही भाषांतला करावा. तसे तयार नमुने सहज मिळतात आणि कराराच्या भाषांतराचा खर्च टळतो. किंमत खरी लिहा. गाव तेच लिहा जिथे खरोखर सही केलीत, कारण पोलंडमध्ये खाजगी माणसाकडून गाडी घेतली तर खरेदीवर २ टक्के कर लागतो. करार परदेशात झाला आणि गाडीही त्या वेळी तिथेच होती, तर तो लागत नाही. खाजगी विकणारा बहुधा 'दोषांची जबाबदारी माझी नाही' असं करारात घालतो, आणि तो ते कायदेशीर घालू शकतो. व्यापाऱ्याला ग्राहकाच्या बाबतीत तसं हात झटकता येत नाहीत. म्हणून खाजगी माणसाकडून घेताना घाई नको.

नंबर प्लेटच्या बाबतीत पुष्कळ जण गोंधळतात. जर्मनीत दोन तात्पुरत्या प्लेट मिळतात. पिवळ्या पट्टीची फक्त पाच दिवसांची असते आणि ती मुळात देशांतर्गत वापरासाठी. सीमेपलीकडे ती चालेलच असं नाही. आपल्याला हवी ती लाल पट्टीची, निर्यातीची, 'आउसफुअरकेन्त्सायखन'. त्या लाल पट्टीवर मुदत संपायची तारीख एकाखाली एक छापलेली असते. तिथल्या आरटीओत पासपोर्ट, आरसीचे दोन्ही भाग, चालू ट्यूफ आणि विम्याचा कागद दिला की नंबर मिळतो. मग बाहेरच्या छोट्याशा दुकानात जायचं. तिथे पत्र्यावर आपल्यासमोर दाबयंत्राने आकडे उठवतात, काळा रंग चढवतात आणि ती प्लेट हातात देतात. ती घेऊन पुन्हा आत. खिडकीतल्या बाई त्यावर गोल शिक्का चिकटवतात, तेव्हा कुठे ती खरी नंबर प्लेट होते. हे सगळं मला फार आवडलं. नियम आहेत, पण कुणाची विनवणी करावी लागत नाही. एक लक्षात असू द्या, या प्लेटबरोबरचा विमा सहसा फक्त थर्ड पार्टी असतो. वाटेत आपल्या गाडीला काही झालं तर भुर्दंड आपलाच.

मग ट्रकवर घालून का नाही आणली? कारण घरापर्यंतचा रस्ता हीच गाडीची खरी परीक्षा. विकणाऱ्यासमोर गल्लीत दोन फेऱ्या मारून काय कळणार? ड्रेस्डेन ते व्रोत्सवाफ अडीचशेहून अधिक किलोमीटर, सगळा ए-४ महामार्ग. सुरुवातीला मी नव्वदच्या वर गेलेच नाही. पहिल्या थांब्यावर उतरून गाडीखाली तेल ठिबकतंय का पाहिलं, कूलंटची पातळी पाहिली, आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात नेला. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय. चारही सारखीच कोमट होती. मग ११०, मग १३०. स्टिअरिंग थरथरतं का, सोडलं तर गाडी कुठल्या बाजूला ओढते, उतारावर ब्रेक दाबला की नाक कुठे वळतं, हे सगळं अशा लांब, सरळ रस्त्यावरच कळतं.

सीमेवरच्या ग्योर्लिट्स शहराच्या अलीकडे क्योनिग्सहाइनच्या डोंगरात साधारण ३.३ किलोमीटरचा बोगदा आहे. तिथे शिरताना मी रेडिओ बंद केला आणि काच खाली केली. बोगद्याच्या भिंती गाडीचा प्रत्येक आवाज आपल्याकडे परत फेकतात. मागच्या डाव्या चाकाकडून एक बारीक, एकसुरी घरघर येत होती. उघड्या रस्त्यावर ती वाऱ्यात आणि टायरच्या आवाजात बुडून गेली होती. वेग कमी केला की ती उतरायची, वाढवला की चढायची. बेअरिंग. घरी आल्यावर मेकॅनिकने चाक उचलून हाताने फिरवलं आणि तेच सांगितलं. किरकोळ काम, पण ट्रकवरून आणली असती तर मला हे महिनाभराने, एखाद्या पावसाळी रात्री, कळलं असतं.

सीमेवर फाटक नाही म्हणून निष्काळजी राहू नका. ऑक्टोबर २०२३ पासून जर्मनीने आणि जुलै २०२५ पासून पोलंडनेही या सीमेवर तपासणी सुरू केली. पासपोर्ट, रहिवासी कार्ड, करार, आरसी हे सगळं डिकीतल्या बॅगेत नव्हे, हाताशी ठेवा. माझी डिकी तर तशीही हिवाळी टायरांच्या दुसऱ्या संचाने भरली होती. शिक्षकांनी चारही चाकं रिमसकट दिली, वर प्रत्येकावर खडूने जागा लिहिलेली. पोलंडमध्ये शिरताच हेडलाइट लावा. इथे दिवसाही ते सक्तीचे आहेत. आणि लेग्नित्सापासून व्रोत्सवाफपर्यंत जपून. हा १९३०च्या दशकातल्या जर्मन महामार्गाचा तुकडा. नव्याने बांधला, पण कडेला थांबायची पट्टी नाही. बंद पडलात तर उभे कुठे राहणार? त्यामुळे काही शंका असेल तर त्याच्या आधीच थांबा.

घरी पोचलात की घड्याळ सुरू होतं. गाडी आणल्यापासून १४ दिवसांत अबकारीचं विवरण भरायचं, ते ऑनलाइन भरता येतं. पैसे ३० दिवसांत, आणि कोणत्याही परिस्थितीत नोंदणीच्या आधी. दर इंजिनावर ठरतो: २००० सीसीपर्यंत ३.१ टक्के, त्यावर १८.६ टक्के. म्हणजे ५,००० युरोंच्या गाडीवर एका बाजूला १५५ युरो, दुसऱ्या बाजूला ९३०. मोठ्या इंजिनाच्या मोहात पडणाऱ्यांनी हा हिशोब आधी करावा. आणि गाडीत अग्निशामक सिलिंडर ठेवा. जर्मनीत तो सक्तीचा नाही म्हणून तिथल्या गाडीत सहसा नसतो, इथे लागतो.

काही जण म्हणतात, ताई, आमच्याने हे होणार नाही, सुट्टी नाही, भाषा नाही. अगदी मान्य. मग इथल्याच माणसाची गाडी घ्या, जी पहिल्यापासून पोलंडमध्ये नोंदलेली आहे आणि जिचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर दिसतो. मालकाच्या घरी जा, त्याची बिलं मागा, आणि व्यवहार पक्का करण्याआधी शहराबाहेर तासभर तरी गाडी चालवून बघा. काच खाली करून.