होळीच्या चार दिवस आधी लीस्टालमध्ये

स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला नवीन आलेल्या प्रत्येकाला एकच सल्ला मिळतो, फासनाख्टच्या, म्हणजे इथल्या कार्निव्हलच्या, सोमवारी पहाटे चारच्या आत शहरात जा, रस्त्यावरचे सगळे दिवे एकदम बंद होतात आणि ढोल-बासऱ्या सुरू होतात ते बघा. ते बघाच. पण मी सगळ्यांना सांगते की त्याच्या आदल्या संध्याकाळी लीस्टालला खिएनबेझे हा आगीचा सण बघायला जा, कारण मला विचाराल तर या भागातला खरा सण तो आहे आणि भारतातून आलेल्या माणसाला तो जास्त कळतो.

लीस्टाल बाझेलहून ट्रेनने पंधरा मिनिटांच्या आतबाहेर. 1833 मध्ये ग्रामीण भाग बाझेल शहरापासून फुटून वेगळा कँटन, म्हणजे इथलं राज्य, झाला, त्याची ही राजधानी, पण गाव छोटंसंच आहे. जुन्या भागात एक मुख्य गल्ली, दोन्ही बाजूंना एकमेकांना चिकटून उभी घरं आणि वरच्या टोकाला जुन्या तटबंदीचा दरवाजा, त्याला इथले लोक ट्योर्ली म्हणतात. सगळी आग त्या दरवाज्याखालून गावात येते.

यंदा आई आमच्याकडे होती. आमचं गाव गुहागरकडचं, शिमग्याला पालखी घरी येणार आणि आपण तिथे नाही याची रुखरुख तिला विमानात बसल्यापासून लागलेली. आपली होळी 13 मार्चला आणि लीस्टालचं खिएनबेझे 9 मार्च 2025 ला, रविवारी. मी म्हटलं चल, तुला इथला होम दाखवते.

तारखा इतक्या जवळ का येतात हे तिने ट्रेनमध्ये विचारलं, तर ते कारणही मजेशीर आहे. हा सण ऍश वेन्सडे, म्हणजे ईस्टरआधीचे ख्रिस्ती उपवास सुरू होतात तो बुधवार, त्याच्यानंतरच्या रविवारी असतो, तो दिवस ईस्टरवरून ठरतो आणि ईस्टर ठरतो वसंतातल्या पौर्णिमेवरून. आपली होळी फाल्गुनी पौर्णिमेची. म्हणजे दोघांचा हिशोब चंद्राकडेच, त्यामुळे मागेपुढे होत राहतात, कधी महिनाभराचं अंतर, कधी यंदासारखं चारच दिवसांचं. आता बाकी ठिकाणी कार्निव्हल ऍश वेन्सडेच्या आधी संपतो आणि इथे नंतर सुरू होतो, त्याचं कारण असं सांगतात की 1091 च्या बेनेवेंतोच्या धर्मसभेत ठरलं की चाळीस दिवसांच्या उपवासात रविवार धरायचे नाहीत, त्यामुळे उपवास सहा दिवस आधी सुरू व्हायला लागला, पण या बाजूच्या लोकांनी जुनी तारीख सोडली नाही. पुढे 1529 ला बाझेल प्रोटेस्टंट झालं, उपवासच गेले, तरी सण मात्र जुन्याच तारखेला राहिला. आई म्हणाली, "लोकांनी धरून ठेवलं ना, मग राहतं."

खिएनबेझे म्हणजे राळ भरलेल्या पाइनच्या लाकडाच्या ढलप्या एका जाड दांड्याभोवती घट्ट बांधून केलेला अवाढव्य खराटा. छोटे असतात ते वीसेक किलोचे, मोठे 100 किलोपर्यंत जातात. अंधार पडला की ते पेटवतात आणि माणसं ते पेटलेले खराटे खांद्यावर घेऊन, ज्वाळा डोक्याच्या मागे, दरवाज्यातून गल्लीत येतात. गल्लीतले दिवे बंद असतात. आधी वास येतो, राळेचा, जड आणि गोडसर, मग भिंतींवर नारिंगी उजेड हलायला लागतो आणि मग पहिला माणूस दिसतो.

आमच्या अगदी समोर एक जण थांबला, असेल पन्नाशीचा, चेहरा काजळीने माखलेला, खांद्यावर जाड गादी बांधलेली. त्याने दांडा जमिनीला टेकवला, सोबतच्या मुलाने ती गादी सारखी केली, बाटलीतलं पाणी त्याच्या मानेवर ओतलं आणि दोघांनी मिळून तो खराटा परत खांद्यावर चढवला. उचलताना त्याचे गुडघे थरथरत होते, मला दिसत होते. वरून राळेचे जळते थेंब पडत होते, रस्त्यावर टपकले की चर्र आवाज. मागून येणारी माणसं निखारे बाजूला ओढत चाललेली.

आणि मग गाडे. लोखंडी गाड्यांवर लाकडं रचून पेटवलेली असतात, ज्वाळा काही मीटर उंच, आणि तो गाडा त्या दरवाज्याखालून न्यायचा! अग्निशमन दलाची माणसं कमानीवर आणि आजूबाजूच्या भिंतींवर पाणी मारत उभी असतात. गाडा दरवाज्याच्या पलीकडे थांबतो, ओढणारे एकमेकांकडे बघतात, कोणीतरी ओरडतं आणि सगळे एकदम धावत सुटतात. आग कमानीला आदळते, खाली वाकते, आणि अलीकडे बाहेर पडली की परत वर उसळते. आम्ही दहा-बारा पावलांवर होतो तरी कपाळाची कातडी ताणल्यासारखी झाली, अख्खी गर्दी एकाच वेळी मागे रेलली, आईने शाल तोंडावर ओढली आणि शालीच्या आतून जोरात बोंब मारली, अगदी गावाकडची, दणदणीत. शेजारच्या आजीबाईंनी वळून बघितलं आणि त्यांनीही मारली.

त्या आजीबाईंना आईने माझ्यामार्फत विचारलं की हे कुठल्या देवाचं असतं. त्या म्हणाल्या, हिवाळा घालवायला करतात असं म्हणतात, पण आमच्या घरात माझे वडील उचलायचे, नंतर भाऊ, आता नातू उचलतो. मी भाषांतर करून सांगितलं तर आई लगेच म्हणाली, "म्हणजे पालखीच की गं, खांद्याचा मान आहे हा." मला ते शंभर टक्के पटलं. मी होळ्या खूप बघितल्यात, पण आग एका जागी पेटवून आपण भोवती फिरतो. इथे आग माणसांच्या खांद्यावरून अख्ख्या गावातून जाते, आणि गाव स्वतःच्या जुन्या घरांच्या मधून तिला जाऊ देतं. नियमांसाठी प्रसिद्ध असलेल्या या देशात लोकांनी एकमेकांवर एवढा विश्वास टाकलेला बघून मला भरून आलं, खरंच.

ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी थोडं. सिंथेटिक जॅकेट अजिबात घालू नका, ठिणगी पडली की भोक, जुना लोकरी कोट किंवा जाड सुती कपडे बरे. बाबागाडी आणू नका. लहान मुलं असतील तर दरवाज्याजवळ न थांबता गल्लीत खाली थांबा, तिथे उष्णता कमी लागते आणि दिसतं सगळंच. तासभर तरी आधी पोचा, गर्दी प्रचंड असते. थंडी वाजली तर भाजलेल्या पिठाचं सूप आणि कांद्याचा गरम टार्ट खा, दोन्ही फासनाख्टचेच पदार्थ. 2026 ला ईस्टर 5 एप्रिलला आहे, म्हणजे खिएनबेझे 22 फेब्रुवारीला, आणि आपली होळी मार्चच्या सुरुवातीला. तिकीट काढायचं असेल तर आत्ताच बघा, आणि आमच्याकडे उतरा, घर स्टेशनपासून जवळ आहे.