‘ओळखत होतो’ की ‘ओळखत होते’?

बोलोन्यात राहायला येऊन वर्ष झालं तेव्हा मी प्रौढांच्या सरकारी शाळेत इटालियन शिकायला नाव घातलं. आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्ग. कारखान्यातली पाळी संपवून आलेला मोरोक्कोचा गृहस्थ, म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या युक्रेनच्या दोघी, पाकिस्तानातला एक तरुण आणि मी, असे शेजारीशेजारी बसायचो. त्या दिवशी भूतकाळ चालला होता. इटालियनमध्ये ‘ओळखणे’ हे क्रियापद एका भूतकाळात घातलं तर अर्थ होतो ‘ओळख झाली’, आणि दुसऱ्यात, म्हणजे अपूर्ण भूतकाळात घातलं तर ‘ओळखत होतो’. बाईंनी फळ्यावर उदाहरण म्हणून लिहिलं, ‘इओ ला कोनोशेवो बेने’. म्हणाल्या, हे एका जुन्या सिनेमाचं नाव आहे. आणि फळा पुसून त्या पुढच्या क्रियापदाकडे वळल्या.

मी वहीच्या समासात मराठी लिहायला घेतलं, ‘मी तिला चांगली ओळखत...’ आणि तिथेच अडले. होतो की होते? इटालियन वाक्यात बोलणारा पुरुष आहे की बाई हे कळतच नाही. ‘तिला’ आहे हे कळतं, ‘मी’ कोण ते कळत नाही. मराठीला मात्र त्याचा निवाडा केल्याशिवाय वाक्य पुरं करता येत नाही.

रविवारी आईचा फोन आला तेव्हा तिला हे सांगितलं. तिने लगेच विचारलं, “म्हणतंय कोण पण? बाई की बाप्या?” मला माहीत नव्हतं. सिनेमा बघितला नव्हता.

बोलोन्याच्या मोठ्या चौकात, पियात्सा माज्जोरेला लागूनच, सालाबोर्सा नावाचं सार्वजनिक वाचनालय आहे. आत काचेची जमीन आहे आणि तिच्याखाली रोमन काळातले अवशेष दिसतात. कार्ड फुकट मिळतं, परदेशी माणसालाही, आणि पुस्तकांबरोबर डीव्हीडीही घरी नेता येतात. तिथे मला तो सिनेमा मिळाला. १९६५ सालचा, कृष्णधवल. दिग्दर्शक आन्तोनिओ पिएत्रांजेली. हे नाव मी पहिल्यांदाच वाचत होते. पुण्यात असताना फिल्म सोसायटीच्या खेळांमुळे फेल्लिनी, दे सिका, आंतोनिओनी ही नावं कानावरून गेलेली होती, याचं कधी कुणी काढलं नव्हतं. नंतर ऑफिसात विचारलं तर चाळिशीच्या आतल्या एकालाही तो ठाऊक नव्हता.

सिनेमा सुरू होतो तो समुद्रकिनाऱ्यावर. किनारा जवळजवळ रिकामा. कॅमेरा सावकाश सरकत जातो आणि ऊन खात पडलेली एक मुलगी दिसते, शेजारी ट्रान्झिस्टर चालू. ही आद्रियाना. तोस्कानाच्या एका गरीब शेतकरी घरातून आलेली. ब्युटी पार्लरमध्ये काम करते, मग रोमला जाते, थिएटरात लोकांना जागा दाखवण्याचं काम करते, सिनेमात चमकायची स्वप्नं बघते. स्तेफानिया सांद्रेल्ली तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांची होती. हिचा चेहरा असा आहे की त्यावर काहीच लपत नाही, आणि तरीही आत काय चाललंय ते शेवटपर्यंत हाती लागत नाही.

याला गोष्ट म्हणावी अशी गोष्ट नाही. तुकडे आहेत. एक पुरुष येतो, जातो. दुसरा येतो. मधल्या काळात किती दिवस गेले ते कुणी सांगत नाही. आद्रियानाचे केस बदललेले दिसतात त्यावरून आपण समजायचं. रेडिओवर आणि रेकॉर्डवर त्या काळची चालती गाणी सतत वाजत असतात. ती गाणी लावते, पावलं थिरकवते, पुढे जाते. पहिल्यांदा बघताना मला निम्मे संवाद कळले नाहीत, तरी एक गोष्ट जाणवली: या मुलीला सगळेजण काही ना काही सांगत असतात, तिला कुणी काही विचारत मात्र नाही.

एका प्रसंगात एक लेखक तिला आपल्या गोष्टीतल्या एका मुलीचं वर्णन ऐकवतो. तिला काही खटकत नाही, काही हवंसं वाटत नाही, कालचं आठवत नाही, उद्याचं सुचत नाही. ऐकता ऐकता आद्रियानाच्या ध्यानात येतं की हे आपल्याबद्दल चाललंय. ती विचारते, म्हणजे मी मूर्ख आहे का? तो म्हणतो, उलट, कदाचित सगळ्यांत शहाणी तूच असशील. मला त्या लेखकाचा राग आला, अजूनही येतो. त्याने तिला नीट बघितलंय, शब्द बरोबर निवडलेत, आणि तरीही तो तिला ओळखत नाही.

दुसरा प्रसंग एका पार्टीतला. उगो तोन्यात्सी हा इटलीचा मोठा विनोदी नट. इथे त्याने बाजिनी नावाचा उतरत्या वयाचा, काम नसलेला कलावंत केलाय. एका यशस्वी नटाची मर्जी मिळावी म्हणून तो सगळ्यांसमोर टेबलावर चढून टॅप डान्स करतो. पायांनी आगगाडीचा आवाज काढतो. मंडळी म्हणतात, अजून जोरात. गाडीचा वेग वाढतो, त्याला धाप लागते, चेहरा पांढरा पडतो, आणि लोक हसत राहतात. याच पार्टीत आद्रियानाचीही छोटी मुलाखत चित्रित होते. पुढे ती मुलाखत थिएटरात वार्तापटात दाखवली जाते, तिची टिंगल होईल अशा बेताने कापूनजोडून. प्रेक्षक हसतात. ती त्याच अंधारात बसून पडद्यावरच्या स्वतःकडे बघत असते.

मध्ये एकदा ती गावी जाते. धाकटी बहीण गेलेली असते, आणि ते तिला तिथे गेल्यावर कळतं. आई तिच्याशी धड बोलत नाही. परदेशात राहणाऱ्या माणसाला हा प्रसंग बघवत नाही. आपण लांब असताना घरी काही होईल आणि आपल्याला उशिरा कळेल, ही भीती घेऊनच आम्ही सगळे झोपतो. रात्री-अपरात्री फोन वाजला की आधी भारतातली वेळ मोजली जाते.

शेवट सांगत नाही. शीर्षकातच भूतकाळ आहे, एवढं पुरे.

हे सगळं बघितल्यावर हा माणूस कोण, याचा मी शोध घेत बसले. पिएत्रांजेलीचा जन्म रोममध्ये १९१९ साली झाला. शिकला वैद्यकशास्त्र, रमला सिनेमात. आधी समीक्षक म्हणून लिहीत असे. विस्कोन्ती या दिग्दर्शकाच्या १९४३ सालच्या पहिल्या सिनेमाच्या पटकथेत त्याचा हात होता, म्हणजे इटालियन नववास्तववाद, साध्या माणसांचं रोजचं जगणं दाखवणारा सिनेमा, जिथून सुरू झाला मानतात तिथे तो हजर होता. दिग्दर्शक म्हणून त्याचा पहिला सिनेमा आला १९५३ मध्ये. १२ जुलै १९६८ रोजी गाएता इथे शूटिंग चालू असताना तो समुद्रात बुडून मरण पावला. एकोणपन्नास वर्षांचा होता. अर्धा राहिलेला सिनेमा वालेरिओ झुर्लिनीने पुरा केला. तोही असाच मागे पडलेला दिग्दर्शक, पण त्याच्याबद्दल पुन्हा कधी.

विसरला का गेला? मला वाटतं त्याला कुठल्या खणात ठेवायचं हेच लोकांना ठरवता आलं नाही. साठच्या दशकातली इटालियन कॉमेडी म्हटलं की मोनिचेल्ली, रीझी, जेर्मी ही नावं येतात. त्या सिनेमांच्या मध्यभागी बहुतेक वेळा पुरुष असतो: लबाड, बढाईखोर, प्रेक्षकांचा लाडका. पिएत्रांजेलीकडे हेच पुरुष आहेत, हेच नट आहेत, पण ते कडेला उभे आहेत आणि मध्यभागी बाई आहे. तिच्या बाजूने बघितलं की त्यांचा लाडिकपणा विनोदी राहत नाही. शिवाय तो गेला ते साल १९६८. रस्त्यावर विद्यार्थी आणि कामगार उतरले होते, लोकांना घोषणा देणारा सिनेमा हवा होता, आणि हा घोषणा देणारा नव्हे. त्या मोर्च्यांत जी गाणी सर्वांत जास्त गायली गेली त्यांपैकी एक, ‘कोन्तेस्सा’, ते १९६६ साली लिहिणारा पाओलो पिएत्रांजेली हा त्याचा मुलगा. फॅसिस्ट राजवटीतून सुटका झाल्याच्या, २५ एप्रिलच्या मुक्तिदिनाला बोलोन्याच्या गर्दीत मी ते ऐकलंय. तरुण मुलांना ते तोंडपाठ आहे. मुलाचं गाणं उरलं, बापाचे सिनेमे गोदामात गेले.

ते बाहेर यायला पन्नास वर्षं लागली. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने त्याच्या सिनेमांचा खास कार्यक्रम केला, पुढच्या वर्षी अमेरिकेत आद्रियानाच्या सिनेमाची नवी, स्वच्छ केलेली प्रत निघाली, आणि मग बाहेरच्या जगात त्याच्याविषयी लिहिलं जाऊ लागलं. जुने सिनेमे जिवंत करण्याच्या कामात बोलोन्या हे मोठं गाव आहे, हे आपल्याकडच्या वाचकांना सांगायलाच हवं. नर्तक उदय शंकर यांच्या ‘कल्पना’ या सिनेमाची खराब झालेली प्रत इथेच दुरुस्त झाली. आणि २०२५ च्या जूनमध्ये ‘शोले’ त्याच्या मूळ शेवटासकट याच पियात्सा माज्जोरेत, उघड्या आभाळाखाली दाखवला गेला.

मग मी त्याचे मिळतील ते सिनेमे आणत गेले. १९६० सालचा ‘आदुआ आणि तिच्या सोबतिणी’ बघून दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. लीना मेर्लिन या समाजवादी सिनेटर बाईंनी आणलेल्या कायद्याने सप्टेंबर १९५८ मध्ये इटलीतले सरकारमान्य कुंटणखाने बंद झाले. सिनेमा सुरू होतो त्या शेवटच्या रात्री. चौघीजणी बाहेर पडतात, रोमबाहेर एक पडकं घर घेऊन खानावळ काढतात. ठरलेलं असं की खाली जेवण आणि वरच्या मजल्यावर जुनाच धंदा. पण खानावळ खरोखरच चालायला लागते. सिमोन सिन्योरे एप्रनला हात पुसत हिशेब बघते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जो अभिमान आहे, तो मी विसरू शकत नाही. अडचण येते ती पैसा आणि परवाना ज्याच्या हातात आहे त्या प्रतिष्ठित माणसाकडून. त्याला खानावळीशी देणंघेणं नाही, त्याला ठरलेला हप्ता हवाय. कायद्याने दार उघडलं, पण उंबऱ्याबाहेर पाय टाकायला जागा कुणी दिली नाही.

आणि १९६३ सालचा ‘भेट’ तर आपल्या माणसांनी बघायलाच हवा. तो चक्क कांदेपोह्यांचा कार्यक्रम आहे! पो नदीकाठच्या गावात तिशी उलटलेली पिना राहते, स्वतः कमावते, स्वतःचं घर आहे. तिने वर्तमानपत्रात लग्नाची जाहिरात दिलीय आणि रोमहून एक गृहस्थ आगगाडीने तिला बघायला येतो. एका दिवसाची गोष्ट. तो बोलताबोलता घराची किंमत मनात मांडतो, ती त्याला वाढता वाढता माप घेते. दोघंही खोटं बोलतात, दोघांनाही ते कळतं. सांद्रा मिलोने यात पिना केलीय, आणि तिला एकटेपणा लपवताना बघणं हे एकटेपणा बघण्यापेक्षा अवघड आहे.

मी स्टेशनामागच्या बोलोन्यीना भागात राहते. जुनी कामगारवस्ती, आता आमच्यासारख्या बाहेरच्यांची. खालच्या मजल्यावर एक सिन्योरा राहतात, ऐंशीच्या घरातल्या. वेनेतो प्रांतातल्या पोलेझिने भागातल्या. नोव्हेंबर १९५१ मध्ये पो नदीला महापूर आला, शंभराच्या आसपास माणसं गेली आणि लाखावर लोकांना घरदार सोडावं लागलं. त्यांचं कुटुंब त्यातलंच. पंधराव्या वर्षी त्या बोलोन्यात मोलकरीण म्हणून आल्या. मी त्यांना औषधं आणून देते, त्या माझं इटालियन दुरुस्त करतात.

गेल्या हिवाळ्यात पिएत्रांजेलीचा १९५३ सालचा पहिला सिनेमा मी त्यांच्याकडे बसून बघितला. चेलेस्तीना ही खेड्यातली पोर रोममध्ये घरकामाला येते, एका प्लंबरच्या प्रेमात पडते, फसते. अखेरीस तिच्याभोवती उभ्या राहतात त्या इतर घरांतल्या मोलकरणी. सिन्योरा एरवी सिनेमाभर बोलतात. त्या दिवशी गप्प होत्या. मोलकरणी सुट्टीच्या दुपारी एकत्र जमतात तिथे त्यांनी मला सिनेमा थांबवायला सांगितलं.

“आम्हालाही गुरुवारी आणि रविवारी दुपारी सुट्टी असायची,” त्या म्हणाल्या. समोरच्या घरात त्यांच्याच भागातली एक मुलगी कामाला होती. कुठे जायला पैसे नसायचे म्हणून दोघी स्टेशनवर जाऊन बाकावर बसायच्या, गाड्या बघत. दोन वर्षं. मग ती मुलगी कुणाबरोबर तरी मिलानला गेली. पत्र आलं नाही. मालकिणीला विचारायची सोय नव्हती.

“इओ ला कोनोशेवो बेने,” सिन्योरा म्हणाल्या. त्यांनी तो सिनेमा बघितलेला नाही. त्यांचं ते साधं, रोजच्या बोलण्यातलं वाक्य होतं.

थोड्या वेळाने म्हणाल्या, “आडनाव काय होतं तिचं?” आठवेना. दोन-तीन आडनावं पुटपुटून बघितली, मान हलवली. पुढचा सिनेमा आम्ही बघितला, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

त्या रविवारी आईला मी सांगितलं, “होते. ओळखत होते.” आईला आधी कळेना मी कशाबद्दल बोलतेय. मग सगळं सांगितल्यावर तिने विचारलं, “सापडली का पुढे ती?”

चार दिवसांनी सकाळी सातला माझी बेल वाजली. सिन्योरा तीन जिने चढून आल्या होत्या, अंगावर घरातलाच गाऊन. दम लागला होता. आत या म्हटलं तर नको म्हणाल्या. दारातच उभं राहून त्यांनी मला ते आडनाव सांगितलं, आणि मी ते लिहून घेतलंय ना, याची खात्री करूनच खाली गेल्या.