माळ गळ्यात, प्याला हातात

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तसं मला हे वर्षभर सगळेच विचारतायत. माझ्या औषधांच्या दुकानात गोळ्यांची पट्टी कापत असलो की समोरून हमखास प्रश्न येतो, "अहो, तुम्ही माळकरी माणूस, गळा एवढा गोड, आणि 'एकच प्याला' नाटकातला दारुडा तळीराम कसा काय केलात?"

आमच्या गावात महाशिवरात्रीच्या उत्सवाला देवळापुढच्या मांडवात संगीत नाटक होतं. राजापूर-रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत ही प्रथा आहे. मुंबईहून चाकरमानी येतात, पालखी आणि आरती आटोपली की दहाच्या सुमारास नांदी सुरू होते. मी गेली वीस वर्षं या रंगमंचावर गातोय. 'सौभद्र'मधला नारद, 'शारदे'तला कोदंड, 'संशयकल्लोळ'मधला अश्विनशेठ, या सगळ्या भल्या आणि गोड माणसांच्या भूमिका ठरल्यासारख्या माझ्याकडेच यायच्या. म्हणून गेल्या वर्षी 'एकच प्याला' ठरलं, तेव्हा नायक सुधाकराचा भला मित्र रामलाल मलाच मिळणार असं मी धरून चाललो होतो. त्याचं पदही मनातल्या मनात घोळवायला घेतलं होतं. वाचनाच्या दिवशी नाटक बसवणाऱ्या गुरुजींनी वही माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "तू तळीराम."

मी रात्रभर झोपलो नाही. तळीराम म्हणजे सुधाकर वकिलाचा कारकून. आर्य मदिरा मंडळ काढणारा, बेवडा, आणि सुधाकराच्या हातात पहिला पेला देणारा. शिवाय माझ्या वाट्याला एकही पद नाही. संगीत नाटकात गाणाऱ्या माणसाला गद्य भूमिका देणं म्हणजे काय, ते गाणाऱ्यालाच कळेल.

दुसऱ्या दिवशी मी नाही म्हणायला गुरुजींच्या घरी गेलो. त्यांनी मला चौथीत शिकवलंय, त्यामुळे त्यांच्यापुढे फार बोलता येत नाही. ते म्हणाले, "परवा मी बीपीच्या गोळ्यांसाठी तुझ्या बाकड्यावर बसलो होतो. एका म्हातारीला तू खोकल्याची बाटली दिलीस. तिनं बाटलीवर काय लिहिलंय ते पाहिलंसुद्धा नाही. तुझ्या तोंडाकडे बघितलं आणि पिशवीत टाकली. मला तळीराम असा हवाय. सुधाकर काही मूर्ख नाही रे, हुशार वकील आहे. झोकांड्या खाणाऱ्या माणसाच्या हातून तो पेला घेईल का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर एवढंच आहे. पहिला पेला कोणी परका पुढे करत नाही. ज्याच्यावर आपला विश्वास असतो, त्याच्याच हातून तो घेतला जातो.

गुरुजींनी तेव्हा बालगंधर्वांचीही आठवण करून दिली. नाटककार राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ला गेले, आणि महिन्याच्या आत, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्याला 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग केला. गणपतराव बोडस सुधाकर आणि बालगंधर्व त्याची बायको सिंधू. ज्यांना भरजरी शालूत आणि दागिन्यांत पाहायची लोकांना सवय, ते ठिगळं लावलेल्या लुगड्यात उभे राहिले. जात्यावर बसलेली ती गरीब सिंधू लोकांनी डोक्यावर घेतली. "त्यांना शालू सोडता आला, तुला एक पद सोडता येत नाही?" असं गुरुजींनी विचारलं आणि विषय संपला.

माळेचं मात्र मी आधीच सांगितलं. गळ्यातली तुळशीची माळ माझ्या वडिलांनी घातलेली आहे, ती उतरवणार नाही. गुरुजी म्हणाले, "कोण उतरवायला सांगतंय? कारकून आहे, बंद गळ्याचा कोट घाल." घरी आई दोन दिवस काहीच बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तांदूळ निवडता निवडता तिनं विचारलं, "पेल्यात काय असणार?" म्हटलं, कोरा चहा, गार केलेला. "मग तो मी करून देईन," ती म्हणाली. त्या दिवसापासून प्रयोगापर्यंत रोज रात्री दुकान बंद करून मी शाळेत तालमीला निघालो, की ओट्यावर चहाची बाटली भरून ठेवलेली असायची.

तालमीत पहिला आठवडा वाया गेला. मी आवाज घोगरा काढायचो, जीभ जड करायचो, पाय फाकवून चालायचो. लहानपणापासून पाहिलेले सगळे तळीराम एकदम अंगात येत होते. तळीरामाला हशा मिळतो, टाळ्या मिळतात, आणि मलाही त्या हव्या होत्या. एकदा गुरुजींनी तालीम थांबवली. "हे सगळं सोड. तू दुकानात उभा राहा," ते म्हणाले. मग त्यांनी मला खरंच टेबलामागे उभं केलं आणि औषधाची बाटली देताना मी काय काय करतो ते दाखवायला लावलं.

आपण काय करतो हे मला तोवर माहीतच नव्हतं. मी बाटली उजेडाकडे धरून बघतो. झाकणाचं सील अंगठ्यानं चाचपतो. फडक्यानं बाटली पुसतो आणि मग गिऱ्हाइकाकडे लेबल करून दोन्ही हातांनी पुढे करतो. देताना मान थोडी कलते आणि तोंडातून आपोआप निघतं, "बरं वाटेल." हे सगळं जसंच्या तसं पेल्याला लावलं. पेला उजेडाकडे धरला, काठ पंच्यानं पुसला, डावा हात खाली धरून पुढे केला. सुधाकर करणारा आमचा मुलगा संवाद विसरून माझ्याकडे बघत राहिला. माझ्या स्वतःच्या अंगावर काटा आला.

गाणं फुकट गेलं नाही, हेही सांगतो. घाबरलं की बोलण्याची पट्टी चढते. मी पेटीमास्तरांना प्रवेशाआधी खालचा सूर हळूच द्यायला सांगायचो आणि तो मनात धरून बोलायचो. श्वास कुठे घ्यायचा, वाक्य कुठे सोडायचं, समेवर येण्याआधी किती थांबायचं, हे सगळं गाण्यानंच शिकवलेलं. विंगेत उभा राहून मी सिंधूचं 'कशि या त्यजु पदाला' ऐकायचो. ओठ हलायचे, पण आवाज काढायचा नाही. तेवढं मात्र जड गेलं.

आता जे सांगतो, ते दुकानात विचारणाऱ्यांना मी सांगत नाही.

शाळेत माझ्या बाकावर बसणारा एक मित्र दारूनं गेला. नोकरी सुटली होती, रात्र रात्र झोप नसायची. त्याला पहिला पेला कोणी दिला ते मला माहीत आहे, कारण मित्रानंच सांगितलं होतं. "थोडी घे, झोप लागेल." एवढंच म्हणाला होता तो माणूस. वाईट माणूस नव्हे. कुणाच्या घरी लग्न असो की मयत, सगळ्यांच्या आधी धावून येणारा. मित्राची दशा बघवेना, म्हणून त्यानं दिली. गडकऱ्यांचा सुधाकरही असाच, कोर्टात अपमान झालेला, सनद काही महिन्यांसाठी गेलेली, आतून जळणारा. त्याला दुःख विसरायचं असतं आणि तळीरामाकडे औषध असतं. वह्या उघडून संवाद पाठ करताना मला एकसारखं ते "झोप लागेल" ऐकू यायचं. तळीराम मी त्या आवाजात केला.

प्रयोगाच्या रात्री पहिल्या प्याल्याचा प्रवेश आला. तळीराम दिसला की मांडव हसायला टपलेला असतो. मी पेला पुसला, पुढे केला. कोणी हसलं नाही. मागे भज्यांच्या गाड्यावरच्या स्टोव्हचा आवाज ऐकू येत होता. बायका बसल्या होत्या तिकडून कोणीतरी अगदी हळू म्हणालं, "नको घेऊ रे." सुधाकरानं घेतला. कोटाच्या आत माळेचे मणी घामानं छातीला चिकटले होते.

पुढे तळीराम आजारी पडतो आणि त्याच्या अंथरुणापाशी डॉक्टर आणि वैद्य भांडतात, तिथे लोक पोटभर हसले. हसायलाच हवं, गडकऱ्यांनी ते त्यासाठीच लिहिलंय. मला त्या हशाचं वाईट वाटलं नाही.

माझ्या मित्राला पहिला पेला देणारा तो माणूस प्रयोगाला आला होता. तिसऱ्या रांगेत कडेला बसला होता. दुसरा अंक सुरू होताना मी विंगेतून पाहिलं, तर खुर्ची रिकामी. आठवड्यानं दुकानात आला, नेहमीच्या शुगरच्या गोळ्या घेतल्या, पैसे दिले. जाताना म्हणाला, "काम चांगलं केलंस." मी मान हलवली. त्यावर आम्ही पुन्हा बोललेलो नाही.

यंदा 'सौभद्र' आहे. नारद माझ्याकडे आलाय, चिपळ्या काढून पुसून ठेवल्यात. दुकानात मात्र एक सवय बदलली. बाटली हातात देण्याआधी मी लेबल मोठ्यानं वाचून दाखवतो, किती चमचे, किती वेळा, किती दिवस. "द्या हो, तुम्ही देताय ना, मग झालं," म्हणतात लोक. त्यांना म्हणतो, थांबा, आधी ऐका. मागे रांग वाढते, आणि मी वाचत राहतो.