हरणीची वही: रिकाम्या गव्हाणीचे तास

आधी सुरुवातीची अवस्था सांगते. हरणी नऊ वर्षांची कुमैत घोडी, स्वभावाने गरीब. तरी गेले काही महिने खोगिराचा तंग (पोटाखालचा पट्टा) आवळायला घेतला की कान मागे पाडायची आणि माझ्या बाहीवर दात काढायची. तबेल्याच्या दरवाजाची वरची कड तिने कुरतडून करवतीसारखी केली होती. लीद कधी बरी, कधी सैल. लीद टाकून झाली की मागाहून नुसतं पाणी यायचं आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला त्याचे ओघळ वाळलेले दिसायचे. माझा सगळा संशय चंदीवर, म्हणजे दाण्याच्या खुराकावर. चंदीतलं मिश्रण दोनदा बदलून झालं, फरक काही पडला नाही.

पहिला आठवडा

डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "वैरण किती घालता?"

"रोज दोन पेंढ्या."

"किलोत सांगा."

आता आली का पंचाईत. इतकी वर्षं घोडी सांभाळते आहे, चंदी ग्रॅममध्ये मोजते, आणि वाळलेलं गवत मात्र कवेत मावेल तेवढं! त्याच संध्याकाळी लटकवायचा काटा आणला. दोन्ही वेळचं मिळून गवत भरलं ४.७ किलो.

मग हरणीला मापली. छातीचा घेर १७२ सेंटिमीटर, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी १५५. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११८८०. वजन आलं ३८६ किलो. हा अंदाजच असतो, पण दर वेळी त्याच हाताने मापलं तर चढउतार नीट कळतो. रोजची वैरण कोरड्या वजनात घोड्याच्या वजनाच्या दीड टक्क्याच्या खाली जाऊ नये, आणि दोन टक्के असली तर उत्तम. वाळलेल्या गवतातही दहा-पंधरा टक्के पाणी असतं. ते वजा केलं तर माझ्या ४.७ किलोंचे कोरडे जेमतेम ४.१ उरतात, म्हणजे एक टक्क्याच्या किंचित वर. दुपारी मोकळी सोडते तिथल्या खुरट्या गवताने थोडी भर पडत असेल, पण तेवढ्याने भागणारं नव्हतंच. लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

त्याच आठवड्यात एक रात्र जागून काढली. सात वाजता वैरण टाकली, आठ पन्नासला गव्हाण चाटूनपुसून साफ. त्यानंतर सकाळी सहापर्यंत काही नाही. नऊ तास दहा मिनिटं. साडेदहापासून दरवाजा कुरतडायला सुरुवात, तीही अगदी शिस्तीत, डाव्या कोपऱ्यापासून. त्या रात्री वहीत एक नवा रकाना पाडला: "रिकामे तास".

या रकान्याला इतकं महत्त्व का, ते सांगते. आपल्या पोटात आम्ल मुख्यतः जेवणाच्या वेळी वाढतं. घोड्याच्या पोटात ते चोवीस तास पाझरत राहतं, खाणं असो वा नसो. त्यावर उतारा म्हणजे लाळ, आणि घोड्याला लाळ सुटते ती फक्त चावताना. एक किलो वाळलेलं गवत चावायला साधारण चाळीस मिनिटं लागतात आणि जबडा तीन हजारांच्या वर वेळा फिरतो. एक किलो चंदी दहा-पंधरा मिनिटांत फस्त. म्हणजे चंदी वाढवून वैरण कमी केली की पोट भरलेलं दिसतं, पण लाळेचा हिशोब तुटीत जातो. पोटाचा वरचा भाग आम्लापुढे उघडाच असतो, आणि घोडं रिकाम्या पोटी दुडकी चाललं की आम्ल उसळून नेमकं तिथेच लागतं. चाऱ्यात सहा तासांहून मोठा खंड पडत असेल तर अल्सरचा धोका वाढतो. हरणीला अल्सर आहेत का, हे पोटात दुर्बीण घातल्याशिवाय सांगता येत नाही, आणि दुर्बीण आम्ही घातलेली नाही. तेव्हा मी तसा दावा करत नाही.

दुसरा आठवडा

चंदी ३ किलोवरून खाली आणायला घेतली. आधी दीड-दीड किलो दोन वेळा देत होते. ओटमध्ये चाळीस टक्के स्टार्च धरला तरी एका वेळेला सहाशे ग्रॅम होतो. हिच्या वजनाला एका वेळी चारशेच्या आत राहायला हवं. जास्तीचा स्टार्च लहान आतड्यात पचला नाही की मागे मोठ्या आतड्यात जातो, तिथे भलते जंतू माजतात, लॅक्टिक आम्ल वाढतं आणि प्रकरण थेट खुरांच्या आतल्या सुजेपर्यंत पोचू शकतं. आता अर्धा-अर्धा किलो तीन वेळा. त्यात मूठभर लसूणघासाची कुट्टी मिसळते, म्हणजे तोबऱ्यात तोंड घालून नुसती गिळत नाही. कामाच्या अर्धा तास आधी दोन-तीन मुठी गवत, हाही नवा नियम.

गवतासाठी बारीक छिद्रांची जाळी आणली, तीन सेंटिमीटरची. पहिल्या दिवशी तिने जाळीला चार लाथा घातल्या आणि मग माझ्याकडे असं पाहिलं की मीच तिचं गवत चोरून बांधून ठेवलंय. दोन दिवसांत शिकली. घोड्याने मान खाली घालून खाणं चांगलं म्हणून जाळी खाली बांधली होती. चौथ्या दिवशी पुढच्या पायाचा नाल त्यात अडकला. उभी राहिली बिचारी, अंग न हलवता, मी पोचेपर्यंत. आता जाळी छातीच्या उंचीवर असते आणि मध्ये सुतळीचा एक तुकडा असतो, जोर लागला की तुटणारा. नाल मारलेलं घोडं असेल तर हे आधीच करा.

रिकामे तास: साडेपाच.

तिसरा आठवडा, म्हणजे माझी चूक

जुनं गवत संपत आलं होतं. नवं आलं ते जरा जून, काड्या जाड. जुनं थोडंसं शिल्लक होतं, ते बाजूला सारून सरळ नवं घातलं. वर ते दोन टक्क्यांच्या हिशोबाने ८.८ किलो पुरं केलं, कारण काटा हातात होता आणि उत्साह अंगात.

तिसऱ्या संध्याकाळी हरणीने जाळीला तोंड लावलं नाही. मान वळवून डाव्या कुशीकडे बघायची, पुढच्या पायाने जमीन उकरायची, मध्येच वरचा ओठ दुमडायची. लीद दुपारपासून एकदाच, तीही छोट्या कडक गोळ्या, वर चिकट शेंबडासारखा थर. नाडी मिनिटाला ५२, एरवी तिची ३६ असते. कुशीला कान लावला. तिथे एरवी गडगडाट आणि अधूनमधून पाणी ओतल्यासारखा आवाज येतो. उजवीकडे थोडी कुरकुर ऐकू आली, डावीकडे नुसती शांतता.

जाळी काढली, डॉक्टरांना फोन केला आणि ते येईपर्यंत हळूहळू चालवलं. दुखणं थांबवायचं इंजेक्शन मी माझ्या मनाने दिलं नाही. दुखणं झाकलं गेलं तर तपासणाऱ्याला काय कळणार? डॉक्टरांनी मागून हात घालून पाहिलं. मोठ्या आतड्याला ओटीपोटाजवळ एक उलटं वळण आहे, तिथे नळी एकदम अरुंद होते. त्या वळणावर गोळा बसला होता. नाकातून नळी घालून पाणी आणि क्षार पोटात सोडले. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे आधी त्याच नळीने पोट तुंबलेलं नाही ना, हे बघावं लागतं. रात्री दोन वाजता पहिली लीद पडली. इतक्या प्रेमाने मी आजवर कशाकडेच पाहिलं नसेल.

दोन चुका होत्या. एक, गवताची अदलाबदल. घोड्याचं खरं पचन मागच्या बाजूला, सीकम (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) आणि मोठ्या आतड्यात होतं. तिथले जंतू धागा आंबवतात आणि त्यातून निघणाऱ्या आम्लांवर घोड्याची बरीचशी ताकद उभी असते. हे जंतू नेहमीच्या चाऱ्याला सरावलेले असतात आणि नव्याला सरावायला त्यांना दोन-तीन आठवडे लागतात. हा नियम चंदीपुरता मला पाठ होता. "गवत ते गवतच" म्हणून मी गवताला तो लावलाच नाही.

दुसरी चूक पाण्याची. ताज्या हिरव्या चाऱ्यात ऐंशी टक्के पाणी असतं, वाळलेल्यात जेमतेम दहा-पंधरा. कोरडी वैरण जवळपास दुप्पट केली आणि बादलीकडे पाहिलंही नाही. नंतर बादलीला आतून खुणा करून मोजलं तर दिवसाला १४ लिटर पीत होती. हिला किमान वीस लागतं, उन्हाळ्यात आणि कामाच्या दिवशी त्याहून बरंच जास्त. बादलीच्या तळाशी हिरवट बुळबुळीत थर होता. तिच्या जागी मी असते तर मीही प्यायले नसते.

चौथा ते सातवा

थोडं थोडं करत परत वर चढलो. शिल्लक राहिलेलं जुनं आणि नवं गवत मिसळून, दर तीन-चार दिवसांनी पाव हिस्सा बदलत. बादली रोज घासते, चंदी पातळ करून देते, मीठ वेगळं ठेवते. पाणी आता २३-२४ लिटर.

नव्या गवताला धूळ होती, म्हणून भिजवायला घेतलं. एकदा रात्रभर टबात राहिलं. सकाळी आंबूस वास आला, फेकून दिलं. धुळीपुरतं द्यायच्या आधी दहा मिनिटं भिजवलं तरी पुरतं. तासभर भिजवायचं ते साखर कमी करायला, आणि हरणीला त्याची गरज नाही.

दातही दाखवून घेतले. मागच्या दाढेला धार आली होती, ती कानशीने घासली. त्याआधी लिदीचा गोळा फोडला की बोटभर लांबीच्या न चावलेल्या काड्या सापडायच्या. आता नखाएवढे तुकडे दिसतात.

दहावा आठवडा

संध्याकाळी सातला एक जाळी, रात्री दहाला दुसरी, समोरच्या कोपऱ्यात, म्हणजे खाता खाता चालणं होतं. रिकामे तास: दोन. वजन मापाप्रमाणे ३९१. तंग आवळताना शेपटी एकदा हलवते, दात काढत नाही. मागाहून येणारं पाणी कमी झालंय, थांबलेलं नाही; आठवड्यात दोन दिवस अजून ओघळ दिसतात आणि त्याचं कारण मला सापडलेलं नाही. दरवाजाच्या कडेला मी मुद्दाम नवी फळी ठोकली होती. तीन आठवडे झाले, तिच्यावर दाताची एकच खूण आहे, तीही पहिल्या दिवसाची.

पुढचं गवत पंधरा दिवसांनी येईल. जुन्यातलं ऐंशी किलो आत्ताच बाजूला काढून त्यावर ताडपत्री टाकली आहे.