चौदा नंबरचा खालचा

जुलैचा तिसरा आठवडा होता. पाण्यातून चालत मी एका सार्वजनिक रुग्णालयात पोचले तेव्हा सलवार गुडघ्यापर्यंत भिजलेली आणि लॅपटॉप दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत.

वॉर्डात रक्त चढवायची जी पद्धत असते, म्हणजे नमुना, चिठ्ठी, क्रॉसमॅच (दात्याचं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळतं का ते पाहणं), पिशवी, मग दोघी सिस्टरनी मिळून तपासणं, ती आम्ही तर्कशास्त्राच्या भाषेत लिहून काढतो. अलॉय नावाचं सॉफ्टवेअर मग एवढंच शोधतं: यातला एकही नियम न मोडता चुकीच्या माणसाला चुकीचं रक्त जाऊ शकेल का? चार पेशंट, तीन बेड अशा चिमुकल्या जगात ते एकूण एक शक्यता धुंडाळतं. सापडली तर पायरीपायरीनं दाखवतं, नाहीतर गप्प बसतं.

आमचं गप्प होतं. मी खूश होते. बॉम्बे ब्लड ग्रुपसुद्धा सोडला नव्हता ना! 1952 साली डॉ. भेंडे यांनी मुंबईतच शोधलेला, साध्या तपासणीत 'ओ' वाटणारा, पण 'ओ'चं रक्त न चालणारा गट. 10,000 माणसांत एखादा. इनचार्ज सिस्टरना मी हे जरा मिरवूनच सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं आणि बोट वॉर्डाकडे केलं. "ते ठीक. पण मॅडम, यात आमचे खालचे कुठायत?"

मलेरिया, डेंगी, लेप्टोचे दिवस. प्रत्येक खाटेखाली एक गादी आणि गादीवर एक पेशंट. आमच्या मॉडेलमध्ये बेडपुढे शब्द होता 'लोन'. (कर्ज नव्हे. अलॉयमध्ये त्याचा अर्थ 'फार तर एक'.) पेशंटपर्यंत जायची वाट बेड नंबरावरून, आणि बेडवर फार तर एक माणूस. हे आम्ही सिद्ध केलं नव्हतं, धरून चाललो होतो.

तिथेच स्टुलावर बसून 'लोन' काढून 'सेट', म्हणजे 'कितीही', लिहिलं. चहाचा घोट घेईपर्यंत उत्तर हजर. नमुना खालच्याचा, 'ए' गटाचा. चिठ्ठीवर 'बेड 14'. पिशवी आली, दोघींनी चिठ्ठीशी ताडली, जुळली, आणि वरच्या 'बी'वाल्याला लागली. दोनदा तपासलं खरं, पण दोघींनी एकाच कागदाशी.

"म्हणून तर आम्ही '14 वरचा', '14 खालचा' लिहितो," सिस्टर म्हणाल्या. कुठल्याही लेखी नियमात हे नव्हतं. तेही घातलं. सॉफ्टवेअर पुन्हा गप्प.

माझं समाधान झालं होतं. एवढ्यात एका मामांनी चौदा नंबरच्या खाटेवरची चादर ओढली. डिस्चार्ज. खालचे आजोबा आपली पिशवी घेऊन वर चढले.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मी पेशंटला जागा बदलायची मुभा दिली. या वेळी नऊ पायऱ्या निघाल्या. नमुना घेताना तो '14 खालचा'. नंतर तो वर जातो. गादीवर नवा माणूस येतो, आता '14 खालचा' तो. पिशवी येते. चिठ्ठी जुळते.

सिस्टरनी सहाव्या पायरीवर बोट ठेवलं. "ही ड्युटी बदलायची वेळ." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "गेल्या पावसाळ्यात मी पिशवी लावायच्या आधी सहज विचारलं, बाबा, नाव काय? भलतंच नाव सांगितलं त्यानं. नशीब, शुद्धीवर होता."

इलाज काही मोठा नव्हता. हातातल्या पट्टीवरचा आयपीडी नंबर, म्हणजे दाखल होताना मिळणारा नंबर, पिशवीशी ताडायचा. जागा बदलली तरी तो बदलत नाही. नाव पेशंटनं सांगायचं, आपण सांगून 'हो ना?' विचारायचं नाही. मॉडेलमध्ये पट्टी घालून पाहिली, एकही वाट उरली नाही. पण नव्या पेशंटला पट्टी बांधायला उशीर होतो, त्या मधल्या वेळेचं काय, हा सिस्टरचा पुढचा प्रश्न. तो मी वहीत उतरवून घेतला.

निघताना त्यांनी विचारलं, "त्या नऊ पायऱ्यांची प्रिंट मिळेल? मेट्रनना द्यायचीय. तोंडी सांगून चार वर्षं झाली."