माटोळीचा लाल रंग आणि तळहाताएवढा एलईडी लाईट

चवथीचे, म्हणजे गणेश चतुर्थीचे, फोटो मी गेली सहा वर्षं काढतेय. घरचे दरवर्षी म्हणतात छान आले, पण मला स्वतःला मनापासून आवडतील असे फोटो गेल्या दोन वर्षांतच यायला लागले, आणि कॅमेरा तोच जुना आहे बरं का, बदलला तो फक्त लाईट. तळहातावर मावेल एवढा, चार्जिंगवर चालणारा एलईडी लाईट. बऱ्याच जणांनी विचारलं की कुठला घेऊ आणि कसा वापरू, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून टाकते.

आधी घराबद्दल सांगते, कारण त्याशिवाय बाकीचं कळणार नाही. आमचं मूळ घर फोंड्याकडे, सावईवेऱ्याला, कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) कडेला. कौलारू घर, वर काळपट लाकडी माळा, देवाच्या खोलीला एकच खिडकी आणि तीही माडा-पोफळींच्या सावलीत. भाद्रपदातला पाऊस, त्यामुळे दुपारी तीन वाजताच दिवा लावावा लागतो आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. गणपतीच्या बाजूला दोन समया आणि मखराला लावलेली रंगीत तोरणं, उजेड म्हणावा तर एवढाच. आणि या सगळ्याच्या वर माटोळी. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला त्या मोसमातली फळं, रानातल्या वेली, पानं, शेंगा बांधतात, ओल्या सुपाऱ्यांचे घड, नारळ, केळी, तोरिंग, आंबाडे, चिबूड आणि ते भडक तांबडं कवंडळ. आमच्या काकांचा अर्धा जीव त्या माटोळीत असतो, काही वस्तू कुळागरातल्या, काही रानात फिरून आणलेल्या आणि उरलेल्या फोंड्याच्या माटोळीच्या बाजारातून.

तर माझा पहिला लाईट. ऑनलाईन घेतलेला, स्वस्तातला, नाव घेत नाही. उजेड भरपूर होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण फोटो लॅपटॉपवर उघडले आणि बघते तर कवंडळ विटकरी दिसतंय! कुंकू तपकिरी, जास्वंद मळकी, आजीचा चेहरा आजारी माणसासारखा हिरवट. मी दोन रात्री एडिटिंगमध्ये घालवल्या, लाल वाढवला की सुपाऱ्या नारिंगी व्हायच्या, हिरवा कमी केला की पानं मरायची. काकांनी फोटो बघून एवढंच विचारलं, "कवंडळ पिकलेलं नव्हतं काय गं?" ते मला फार लागलं, कारण ते फळ त्यांनी स्वतः शोधून आणलेलं होतं.

मग वाचायला बसले तेव्हा कळलं की हा दोष एडिटिंगने जाणारा नाहीच. पांढरा एलईडी म्हणजे बहुतेक वेळा आत निळा एलईडी असतो आणि त्याच्यावर फॉस्फर नावाच्या पिवळ्या चमकणाऱ्या पदार्थाचा थर, निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. (त्या निळ्या एलईडीच्या शोधासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, इतका तो बनवायला कठीण होता.) पण स्वस्त लाईटमध्ये या मिश्रणात गडद लाल जवळजवळ नसतोच. आणि जो रंग उजेडातच नाही तो फळावरून परत कुठून येणार, कॅमेऱ्यात कुठून येणार. खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 95 वगैरे छापलेलं असतं, पण तो आकडा आठ फिक्या रंगांची सरासरी असते, गडद लाल त्यात धरलेलाच नसतो. त्याच्यासाठी आर9 नावाचा वेगळा आकडा बघायचा, आणि कंपनी तो देतच नसेल तर मी तो लाईट घेत नाही. आपल्याकडे सणासुदीला कुंकू, जास्वंद, लाल शेला, पिंजर, सगळंच लाल! आपल्यासाठी तर हा आकडा सगळ्यात आधी.

दुकानात जाऊन घेणार असाल तर दोनच गोष्टी करा. लाईट लावून त्याच्यासमोर आपला तळहात धरा आणि फोटो काढा, हात निरोगी गुलाबी दिसला पाहिजे, हिरवट किंवा राखाडी दिसला तर ठेवून द्या. दुसरं, फोनच्या कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथे सगळं हाताने ठरवता येतं) शटर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, सेकंदाच्या 1/1000 च्या आसपास नेऊन, लाईट अगदी मंद करून त्याच्याकडे बघा. स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो लाईट मंद करताना प्रत्यक्षात भराभर चालू-बंद होतोय, आपल्या डोळ्याला कळत नाही पण व्हिडिओत कळतं.

दुसरा लाईट मी नीट बघून घेतला, 12 वॅटचा, 2700 ते 6500 केल्विन बदलता येणारा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा, कमी तितका पिवळा, जास्त तितका निळसर), मागे लोहचुंबक आणि खाली ट्रायपॉडचा पाव इंची आटा. आणि तरीही पहिल्या दिवशी फोटो वाईटच आले! कारण मी तो कॅमेऱ्याच्या डोक्यावर लावला होता. सगळ्यांनी लावलेला बघतो ना आपण. समोरून सरळ उजेड पडला की मूर्ती सपाट होते, मुकुटाचा सोनेरी रंग नुसता चकाकतो, सोंडेची वळणं जातात, चित्रशाळेत त्या कलाकाराने बोटांनी जे काम केलंय ते सगळं पुसलं जातं. लाईट हातात घेतला, डाव्या बाजूला समईच्या वरच्या अंगाला नेला, तर एकदम मूर्तीला पोट आलं, गाल आले, बोटं वेगळी दिसायला लागली. तेव्हापासून लाईट कॅमेऱ्यावर कधीच लावला नाही. ट्रायपॉड नसेल तर घरातलं कोणी तरी पकडतं, नाहीतर लोखंडी कपाटाला नाहीतर खिडकीच्या गजाला चिकटवायचा.

आता समईचा मुद्दा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. तेलाच्या ज्योतीचा रंग साधारण 1900 केल्विन, म्हणजे खूप पिवळा-नारिंगी. आणि आपण त्याच्या शेजारी 5600 चा पांढराफटक लाईट लावला तर समई जळतेय हे फोटोत जाणवतच नाही, देवाची खोली दवाखान्यासारखी दिसते. म्हणून मी लाईट 2700 वर नेते आणि त्याच्यावर नारिंगी जेलचा (म्हणजे रंगीत पारदर्शक प्लास्टिकच्या कागदाचा) तुकडा लावते, म्हणजे तो समईच्या जातीचा होतो. मग उजेड इतका मंद करते की आधी समई दिसली पाहिजे आणि माझा लाईट कुठे आहे ते बघणाऱ्याला कळताच कामा नये. बहुतेक वेळा पाच ते दहा टक्के पुरतात. कॅमेऱ्याचा व्हाईट बॅलन्स (कुठला उजेड पांढरा धरायचा ते ठरवणारं सेटिंग) ऑटोवर ठेवायचा नाही, 3200 च्या आसपास लॉक करायचा, नाहीतर कॅमेरा हुशारी करून ती सगळी ऊब काढून टाकतो. खिडकीतून पावसाळी निळसर उजेड येत असेल तर आधी ठरवा कोणाच्या बाजूने जायचं. मी सकाळी पूजेच्या वेळी लाईट 6000 वर ठेवून खिडकीच्या बाजूने लावते, आणि संध्याकाळी खिडकी लोटून घेऊन समईच्या बाजूने. दोन्ही एकदम करायला गेलं की अर्धा चेहरा निळा अर्धा पिवळा.

माटोळीला मात्र थेट लाईट चालत नाही. ती रुंद असते आणि लाईट इवलासा, जवळ धरला की फोटोत एक कोपरा पांढराफटक होतो आणि दुसरा अंधारात. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाईवर येतो हा नियम इथे उपयोगाला येतो, लाईट जितका लांब न्यावा तितका जवळच्या आणि लांबच्या फळातला फरक कमी होतो. पण लांब नेला की 12 वॅट कुठे पुरणार. शहरातल्या फ्लॅटमध्ये पांढऱ्या सिलिंगवर लाईट मारून काम भागतं, आमच्याकडे वर काळा माळा, तो सगळा उजेड खाऊन टाकतो. भिंतीवर मारला तर भिंत निळी, सुपाऱ्यांना निळी झाक आली. शेवटी वहिनीने धुतलेली पांढरी चादर आणली, आम्ही ती दाराच्या चौकटीला बांधली आणि लाईट तिच्यावर मारला. त्या चादरीएवढा मोठा मऊ उजेड माटोळीवर पडला आणि पहिल्यांदा आंबाड्यांचा पोपटी, सुपारीचा हिरवा आणि कवंडळाचा तांबडा, तिन्ही रंग एका फोटोत नीट आले. काकांनी तो फोटो फोनवर मोठा करून करून बघितला, एकेक वस्तू मोजली.

आरतीचा व्हिडिओ हे वेगळंच प्रकरण. आमच्याकडे आरत्या मराठीतच आणि साथीला घुमट, शामेळ (हेही एक तालवाद्य) आणि कांसाळें, म्हणजे झांजा. घुमट म्हणजे मातीचं भांडं, मोठ्या तोंडाला चामडं (पूर्वी घोरपडीचं असायचं, कायद्याने बंदी आल्यावर आता बकऱ्याचं लावतात) आणि मागचं लहान तोंड डाव्या पंजाने उघड-बंद करत आवाज फिरवायचा. 2019 मध्ये गोवा सरकारने त्याला वारसा वाद्याचा दर्जा दिला. हे वाजवणाऱ्यांचे हात दिसले पाहिजेत, समोरून लाईट मारला की फक्त कपाळाचा घाम दिसतो. पहिल्या वर्षी मी नेमकं तेच केलं आणि धाकटे काका वाजवता वाजवता म्हणाले, "बाय, दोळ्यार मारता गो तो लायट." बरोबरच होतं त्यांचं. आता लाईट त्यांच्या मागे, एका बाजूला आणि डोक्याच्या वर ठेवते. डोळ्यात जात नाही, बोटांना आणि घुमटाच्या कडेला उजेडाची रेघ येते आणि धुपाचा धूर मागून उजळतो. धूर, वाफ, पाऊस, या तिन्ही गोष्टी मागून उजेड आला की खऱ्या दिसतात. हळदीच्या पानातल्या पातोळ्या मोदकपात्रातून काढताना लाईट पात्राच्या मागे ठेवून बघा, वासच येतो फोटोला!

मखराच्या तोरणांमुळे व्हिडिओत पट्टे येत असतील तर शटर 1/50 किंवा 1/100 वर ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची, तिच्यावर चालणारे दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात, शटर त्याच्याशी जुळलं की बहुतेक पट्टे जातात. सेकंदाला 25 फ्रेमचा व्हिडिओ असेल तर 1/50 तसंही बरोबरच.

पागोळ्यांचा फोटो मी याच लाईटने काढलाय. रात्री अंगणाच्या बाजूला, ओट्याच्या टोकाला छत्रीखाली भाच्याला लाईट घेऊन उभं केलं, कौलांवरून पडणाऱ्या पागोळ्यांच्या मागे, आणि मी आतून, दारातून. थेंब थेंब वेगळा आला. लाईट वॉटरप्रूफ नाही म्हणून पारदर्शक पिशवीत घातला होता, पण पिशवीत तो तापतो, पाच मिनिटांच्या वर ठेवू नका.

बॅटरीचं थोडक्यात. पूर्ण उजेडावर माझा लाईट तासाभरात संपतो, दहा टक्क्यांवर अख्खी संध्याकाळ पुरतो. चार्ज होत असताना चालणारा आणि टाईप-सीवाला घ्या, म्हणजे पॉवर बँकेवर चालतो. चवथीच्या आदल्या रात्री सगळं चार्ज करून ठेवायचं, सकाळी वीज असेलच असं धरायचं नाही. आणि सण झाला की लाईट, लेन्स सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून, आपल्या हवेत बुरशी यायला एक पावसाळा पुरतो. सिलिका जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की गरम करून परत वापरता येतात.

आजीचा एक फोटो आहे, नेवऱ्यांची (करंज्यांची) कड मुरडतानाचा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला डोळ्यावर उजेड सहन होत नाही, म्हणून लाईट तिच्यासमोरच्या पीठ पसरलेल्या पांढऱ्या पंचावर मारला आणि तिथून परतलेला उजेड तिच्या हातांवर आणि हनुवटीवर पडला. तिला लाईट लावलाय हे कळलंसुद्धा नाही. तो फोटो आता तिच्या खोलीत लावलाय.

पुढे दिवजोत्सव येईल. देवळाच्या अंगणात बायका हातात पाच वातींची दिवजं घेऊन ओळीने निघतात आणि एकीच्या दिवजाचा उजेड दुसरीच्या चेहऱ्यावर पडतो. तिथे मी लाईट पिशवीतून काढणार नाही. आयएसओ (कॅमेऱ्याची कमी उजेडातली संवेदनशीलता) 3200, व्हाईट बॅलन्स लॉक, आणि कॅमेऱ्याच्या दोन जादा बॅटऱ्या.