घर संघटनेचं, मंडळ पुरोगामी

रविवार, ९ नोव्हेंबर

ज्या माणसांना मी आपली मानते, त्यांच्यातल्या एकालाही माझं शेतीबद्दलचं मत पटत नाही. जात, श्रद्धा-अंधश्रद्धा, बायकांचे हक्क यांवर आमच्यात कधी दुमत झालं नाही. दाभोलकरांच्या खुनानंतर दर महिन्याच्या २० तारखेला पुण्यात ओंकारेश्वरजवळच्या पुलावर आम्ही एकत्रच उभे राहायचो. पण शेतमालाचा बाजार खुला असावा, असं मी म्हटलं की खोलीतली हवा बदलते.

आज आमच्या पुरोगामी मंडळाच्या बैठकीत हमीभावावर चर्चा होती. सगळ्यांचा सूर एकच: खरेदी सरकारने करावी, व्यापाऱ्याला लगाम घालावा. मी म्हटलं, आमच्या निफाडकडच्या कांदेवाल्याला सरकारनेही कमी मारलेलं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, डिसेंबरात थेट बंदीच घातली, ती उठली मे २०२४ मध्ये. भाव मातीत जातो तेव्हा कुणी धावून येत नाही. जरा वर चढला की दिल्लीला शहरी ग्राहक आठवतो. यावर मंडळातले अण्णा अगदी मायेने म्हणाले, "तुझं घर शेतकरी संघटनेचं गं, तुला तसं वाटणारच." आणि बोलणं पुढे गेलं.

मला लागतं ते हे. कुणी कडाडून विरोध केला असता तर मी आनंदाने भांडले असते. माझा मुद्दा कुणी खोडलाच नाही; तो कुठून आला ते सांगितलं आणि बाजूला ठेवून दिला.

घर संघटनेचं आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये आई लाल बिल्ला लावून चांदवडच्या शेतकरी महिला अधिवेशनाला गेली होती. पुढे बायकोच्या नावावर जमीन करण्याच्या संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जमिनीचा एक तुकडा तिच्या नावावर केला. सातबाऱ्यावर आपलं नाव आलं म्हणून ती किती दिवस हरखून गेली होती! मंडळात लक्ष्मीमुक्तीचा उल्लेख नेहमी कौतुकाने होतो. पण 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा त्याच संघटनेची, आणि शेतकऱ्याला बाजाराचं स्वातंत्र्य द्या ही संघटनेचे संस्थापक शरद जोशींची मागणीही त्यातूनच आलेली. बाईच्या कष्टाचा हिशोब आणि शेतकऱ्याच्या मालाचा हिशोब मला वेगळे करता येत नाहीत.

दुसऱ्या बाजूला जावं, तर तिथेही माझं घर नाही. बाजार समितीबाहेर माल विकायची मुभा देणारे २०२० चे कृषी कायदे मला दिशेने बरोबर वाटले होते. मात्र राज्यसभेत ते ज्या पद्धतीने आवाजी मतदानाने रेटले गेले ते चूकच होतं, हे मी तेव्हाही बोलले. आणि ज्या आठवड्यात शेतकऱ्याला स्वातंत्र्य दिल्याचे ढोल वाजले, त्याच आठवड्यात, १४ सप्टेंबरला, त्याच सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. तेव्हा कायद्यांचं कौतुक करणारे काही नातेवाईक "आता तू आपल्यात आलीस" म्हणाले होते. एका मतावरून त्यांनी माझी बाकीची सगळी मतं गृहीत धरली. अण्णांच्या वाक्यापेक्षा ते मला जास्त टोचलं.

म्हणून मंडळ सोडायचा विचार मनात येत नाही. इथली माणसं वेळेला धावून येतात, पैसा-पद बघत नाहीत. अन्यायाची चीड त्यांना आहे, म्हणूनच त्यांनी माझं ऐकावं असं मला इतकं वाटतं. परक्यांनी नाही ऐकलं तर मला काय!

पुढच्या बैठकीचा विषय अजून ठरलेला नाही. शेतमालाच्या साठ्यावर आणि व्यापारावर सरकारला बंधनं घालू देणारा जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५५ मी सुचवणार आहे, आणि मांडणीही मीच करणार. भावाकडून गेल्या काही हंगामांच्या बाजार समितीच्या पट्ट्या मागवल्या आहेत: तोलाई, हमाली, वाहतूक वजा जाता हातात काय उरलं ते त्यांत दिसतं. त्यांच्या प्रती काढून आधीच सगळ्यांकडे पोचवीन, म्हणजे ज्याला विरोध करायचाय त्याला आकड्यांना विरोध करता येईल.